पाहायला शिकवणारा माणूस



पडद्यावरचा नट गेला की घराघरांत हळहळ होते. सिनेमावर लिहिणारा गेला, तर फारसे कोणाला कळतही नाही. ज्येष्ठ चित्रपट समीक्षक सुधीर नांदगावकर यांचे १ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले. त्यांचे स्मरण करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

नांदगावकरांनी १९६८ साली मित्रांसोबत मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' ही फिल्म सोसायटी उभी केली. सभासदांनी वर्गणी काढायची, टाकीजमध्ये कधी न लागणारे देशोदेशीचे चित्रपट मिळवायचे, एकत्र बसून पाहायचे आणि मग त्यांवर बोलायचे, असे हे काम. सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात हेच केले होते. पुढे १९९७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या 'मामी' महोत्सवाच्या उभारणीतही नांदगावकर पुढे होते.

यात आपल्या वरोऱ्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या लहानपणी जयंतीला वस्तीत पडदा बांधून सिनेमा दाखवीत. समोर जागा न मिळालेले पडद्यामागे बसत. त्यांना अक्षरे उलटी दिसत, पण रडू तेवढेच येई. दुसऱ्या दिवशी नळावर त्याचीच चर्चा. मात्र 'लई चांगला होता' यापलीकडे आम्हांस बोलता येत नसे. ते बोलणे समीक्षक शिकवतो.

२०१४ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला. शेवटी जब्याच्या घरचे मारलेले डुक्कर काठीला टांगून शाळेच्या भिंतीजवळून नेतात. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीमाईंचे चित्र आहे. आमच्या घरी तिसऱ्यांदा सिनेमा पाहताना लेकीने ती भिंत दाखवली. तोवर आम्ही फक्त डुकराकडे पाहत होतो!

पडद्यावर कोण आहे, कोण नाही, कष्ट कोण करतो आणि बोलतो कोण, हे ज्याला दिसू लागले त्याला सहज फसवता येत नाही. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. सिनेमे भरपूर आहेत, पण पाहणे एकट्याचे झाले. महिन्यातला एक रविवार ठरवा. विहारात किंवा कोणाच्या ओसरीवर एक चांगला चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहा. नंतर आधी लेकरांना बोलू द्या, मग आयाबायांना. खर्च काय तो चहाचा.

फिल्म सोसायटी म्हणजे तरी याहून निराळे काय? नांदगावकरांना याहून चांगली आदरांजली आम्हांस सुचत नाही.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.