मास्टर फेडर हा आवाजाचा नॉब नव्हे

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली. स्ट्रीमिंगवरची जाहिरात मूळ कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात वाजता कामा नये, असा तो कायदा, १ जुलै २०२६ पासून लागू. टीव्हीसाठी अमेरिकेने असा नियम २०१० सालीच केला होता. बातमी वाचताना मला जाहिराती नाही, माझा मावसभाऊ आठवला. कारण त्यानेही नेमकं हेच केलं होतं: आपलं गाणं बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजावं म्हणून फाइल फाटेपर्यंत ताणली होती.

गणपतीसाठी त्याने घरीच एक गाणं रेकॉर्ड केलं. एक माइक, एक स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि लॅपटॉप. रात्री दोन वाजता त्याचा मेसेज आला, ‘दादा, यूट्यूबवर टाकलं, पण मेलंय गाणं. लॅपटॉपवर एकदम कडक वाजत होतं.’

मी कॉम्प्युटरवर व्हिडिओ उघडला, त्यावर राइट क्लिक केलं आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ लावलं. तिथे आवाजाची एक ओळ असते. त्याच्या गाण्यासमोर कंटेंट लाउडनेस ७.१ डीबी आणि नॉर्मलाइज्ड ४४ टक्के असं होतं. म्हणजे यूट्यूबने त्याचं गाणं ७.१ डेसिबलने खाली ओढलं होतं. आणि ते मोठं करण्यासाठी लिमिटरने ढोलाचे ठोके आधीच चपटे केलेले. आवाज परत गेला, ठोके काही परत आले नाहीत.

हे असं का होतं? गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं, हे मोजायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ पासून आहे. तिचं एकक एलयूएफएस. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ वर आणतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ च्या आसपास. यूट्यूबही उणे १४ च्या वरचं खाली आणतं, पण हळू असलेलं वर उचलत नाही. (यूट्यूबचं ‘स्टेबल व्हॉल्यूम’ हे वेगळं प्रकरण. ते एकाच व्हिडिओतले चढउतार सपाट करतं. गाणं ऐकताना मी ते बंदच ठेवतो.)

पण खरा घोळ आधीच झाला होता. मी विचारलं, ‘मिक्स करताना आवाज कुठून वाढवत होतास?’ तो म्हणाला, ‘मास्टर फेडरवरून.’ बाजूच्या खोलीत मावशी झोपलेली, म्हणून इंटरफेसवरचा हेडफोनचा नॉब त्याने अगदी कमी ठेवलेला. नीट ऐकू येईना, की हा सॉफ्टवेअरमधला मास्टर फेडर वर. मीटर लाल झाला, तर लिमिटर लावला. परत ऐकू येईना, परत वर.

या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. हेडफोनचा नॉब तुमच्या कानासाठी, मास्टर फेडर फाइलसाठी. खात्री करायची असेल तर नॉब शून्यावर ठेवून गाणं एक्सपोर्ट करा. फाइल जशीच्या तशी येईल.

हळू ऐकत मिक्स करण्याचा आणखी एक तोटा आहे. १९३३ साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज कमी असला की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री हळू आवाजात बेस बरोबर वाटेपर्यंत वाढवला, की सकाळी नेहमीच्या आवाजात तो घुमतो. भावाच्या गाण्यात नेमकं हेच झालं होतं. उलट फार मोठ्याने ऐकलं तर सगळंच भारी वाटतं, चुका दिसतच नाहीत.

आणि कान जातात ते वेगळंच. दुसऱ्या रात्री त्याने नॉब पूर्ण फिरवून चार तास काम केलं, सकाळी कानात शिट्टी वाजत होती. दुपारी ती थांबली, पण मी घाबरलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. ९० डेसिबलला फक्त चार. म्हणजे त्याने आठवड्याचा कोटा एका रात्रीत संपवला असणार. आयफोन असेल तर हेल्थ ॲपमध्ये हेडफोनची पातळी बघता येते. इंटरफेसला लावलेल्या हेडफोनला मात्र असा कुणी पहारेकरी नसतो.

मग रविवारी आम्ही परत बसलो. आधी रेकॉर्डिंग: २४ बिट, आणि सगळ्यात मोठी तान उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये येईल एवढाच गेन. वेव्हफॉर्म बारीक दिसतो म्हणून तो कुरकुरला. २४ बिटमध्ये जागा इतकी असते की नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

मग त्याच्या आवडीचं एक गाणं प्रोजेक्टमध्ये घेतलं आणि त्या ट्रॅकचा आवाज आमच्या मिक्सएवढा खाली आणला. बाजारातलं गाणं आधीच मोठं असतं, तसंच तुलनेला घेतलं तर तुमचं कायम फिकं वाटणार. दोन्ही गप्पा मारण्याच्या आवाजाइतकी वाजतील असा नॉब लावला आणि तिथे मावशीच्या नेलपॉलिशने खूण केली. आता तो नॉब हलवायचा नाही.

शेवटी एक्सपोर्ट. युलीनच्या फुकट मीटरवर सरासरी उणे १२ आली. ‘उणे १४ च पाहिजे ना?’ तो म्हणाला. नाही. उणे १४ हा काही कायदा नाही. बाजारातली कितीतरी गाणी आजही त्याहून खूप मोठी असतात. ठोके जिवंत राहतात तिथे थांबायचं, एवढंच मी बघतो. ट्रू पीकची मर्यादा मात्र मी पाळतो. अपलोडनंतर फाइल पुन्हा दाबली जाते, तेव्हा शिखरं थोडी वर उसळतात. स्पॉटिफाय उणे १ सांगतं, आणि गाणं उणे १४ पेक्षा मोठं असेल तर उणे २. आम्ही उणे २ ठेवलं आणि २४ बिट वेव्ह फाइल काढली.

नव्या अपलोडवर आकडा दिसला ७९ टक्के. रात्री परत मेसेज: ‘दादा, ताशा आता कळतोय. पण मावशी नेलपॉलिश शोधतेय.’