बरबनला व्याख्या, मोहाला गुन्हा

१/ केंटकीच्या माफक दरातील बरबन व्हिस्कींची तुलना करणे सोपे असते. इव्हान विल्यम्सच्या काळ्या लेबलच्या बाटलीत ४३ टक्के मद्यार्क, वाइल्ड टर्की १०१ मध्ये ५०.५ टक्के. मेकर्स मार्कमध्ये राय धान्याऐवजी गहू. चवी निराळ्या, परंतु प्रत्येक बाटली एकाच व्याख्येत बसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मोहाच्या दारूची अशी तुलना का करता येत नाही? याचे उत्तर चवीत नसून कायद्याच्या इतिहासात आहे.

२/ बरबनची व्याख्या काटेकोर आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. दारू ओक लाकडाच्या, आतून जाळलेल्या नव्या पिंपांतच मुरली पाहिजे. व्हॅनिला आणि जळलेल्या साखरेचा जो स्वाद बरबनप्रेमी वाखाणतात, तो बराचसा या जळक्या लाकडाची देणगी आहे. किंमत कमी झाली तरी व्याख्या सैल होत नाही.

३/ ही शिस्त आपोआप आली नाही. एकोणिसाव्या शतकात साध्या मद्यार्कात रंग व इतर पदार्थ मिसळून तो जुनी व्हिस्की म्हणून खपवला जाई. १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा आला. दारू एकाच उत्पादकाची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्काची असेल, तरच ते शब्द लेबलवर छापता येत. भेसळीविरुद्ध प्रत्यक्ष सरकार हमीदार झाले. पुढे ४ मे १९६४ रोजी अमेरिकन काँग्रेसने बरबनला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन घोषित केले.

४/ आता मोहाकडे. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली फिकट, रसाळ, गोड फुलांचा सडा पडतो. घरची माणसे टोपल्या घेऊन ती वेचतात. फुले वाळवून साठवली जातात, खाल्ली जातात, बाजारात विकली जातात. बियांपासून तेल निघते. फुले भिजवून आंबवली की सडवा तयार होतो आणि तो चुलीवर तापवून वाफ थंड केली की दारू. गोंड-माडिया समाजात जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत तिला स्थान आहे.

५/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला. पुढे तो मध्य प्रांताचा भाग बनला. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली. १८९२ च्या मोहफूल कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आणले. मध्य प्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा १९१५ चा. प्रांत वेगळे, परंतु दिशा एकच होती: घरच्या चुलीवरची दारू बंद, परवान्याच्या दुकानातली चालू.

६/ येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सरकारला दारू नको होती असे नव्हे, महसूल हवा होता. पिणाऱ्याचे आरोग्य हा दुय्यम प्रश्न होता. १८९७ मध्ये केंटकीच्या दारूला सरकारी हमी मिळत होती, त्याच दशकात कोकणात फुलांच्या साठ्यावर पहारा बसत होता.

७/ मात्र ‘वसाहतवादाने परंपरा चिरडली’ एवढ्यावर ही कथा संपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली, ती मोठ्या लोकचळवळीनंतर, आणि त्या चळवळीत गावोगावच्या स्त्रिया होत्या. चंद्रपुरातही स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१५ मध्ये बंदी लागू झाली. २०२१ मध्ये ती उठली. गडचिरोलीत ती कायम आहे.

८/ या स्त्रियांना परंपरा समजत नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. देवाला वाहिलेला द्रोण आणि रोजच्या मजुरीवर डल्ला मारणारा गुत्ता यांतला फरक त्यांनाच सर्वाधिक ठाऊक होता. एकच द्रव दोन्हीकडे असू शकतो, हेही त्या जाणत होत्या. कायद्याने मात्र हा फरक कधी केला नाही. त्याच्या लेखी सगळा सडवा सारखाच.

९/ केंटकीचा इतिहास येथेही उपयोगी पडतो. १९२० ते १९३३ अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावरही स्थानिक मतदानाचा मार्ग राहिला आणि बरबनच्या या मायभूमीतील काही परगण्यांत आजही दारूविक्रीला बंदी आहे. वारसा आणि नकार एकाच राज्यात नांदतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने येथेही दुकाने बंद झाली आहेत.

१०/ अनुसूचित क्षेत्रांसाठी तर याहून भक्कम आधार उपलब्ध आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी या दोन्ही बाबी नमूद आहेत. फूल कोणाचे आणि त्याचे काय करायचे, हे प्रश्न एकाच कलमात शेजारी बसले आहेत.

११/ गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहालाही ‘वारसा मद्य’ म्हणून बाटलीत आणावे, असा सूर आता ऐकू येतो. सूर आकर्षक आहे, परंतु त्यात धोका आहे. फुले वेचणारी बाई टोपलीच्या भावावर थांबली आणि नफा परवानाधारकाच्या घरी गेला, तर तो सन्मान नव्हे. ती १८७८ ची पुनरावृत्ती ठरेल, फक्त लेबल सुंदर असेल.

१२/ म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम ग्रामसभा, मग व्याख्या, मग बाटली. कोणती फुले, कोणती पद्धत, किती मद्यार्क, भेसळीला कोण जबाबदार, हे फुले वेचणाऱ्या गावांनी ठरवावे. बरबनकडून घ्यायचा धडा पिंपाचा नाही, हमीचा आहे.

१३/ आणि एखाद्या ग्रामसभेने ‘आम्हांला बाटली नकोच’ असे ठरवले, तर तो निर्णयही मोहाच्या वारशाचाच भाग मानावा लागेल. दीडशे वर्षे या फुलाविषयीचे निर्णय दूरच्या कचेऱ्यांत झाले. झाडाखाली वाकून फुले वेचणाऱ्यांना ‘हो’ म्हणण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर ‘नाही’ म्हणण्याचाही द्यावा लागेल.