संगणकाचा विसरलेला धडा

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी राजधानीत दोनच सूर ऐकू येतात, एक उत्सवाचा आणि दुसरा भयाचा. 'इंडिया एआय' मोहिमेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये १० हजार ३०० कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आणि दोन्ही सूर चढले. वस्तुतः हा वाद देशाने पूर्वीही घातला आहे. त्याचा निकाल तपासण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कोलकात्यात संगणकाला कडवा विरोध केला. यंत्रांमुळे रोजगाराचे काय होईल, हे पाहण्यासाठी केंद्राने १९६९ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बँकांत १९८३ च्या करारानंतर आणि १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर संगणक आले. संघटनांना भीती होती ती कपात लगेच झाली नाही आणि समर्थकांनी विजय घोषित केला. तोही अकालीच ठरला. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्याला खासगी बँकांची स्पर्धाही कारणीभूत होती. पण संगणकाविना एवढ्या माणसांना निरोप देणे बँकांना जड गेले असते.

रेल्वेचा अनुभवही तोच. दिल्लीतील आरक्षण १९८५-८६ मध्ये संगणकावर गेले, तेव्हा खिडकीमागची वही गेली, कारकून राहिला. २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवर मिळू लागले आणि कारकुनाचे काम प्रवाशानेच अंगावर घेतले. यंत्र प्रथम माणसाच्या मदतीला येते आणि त्याची जागा मागते ती नंतर. दोन्ही ठिकाणी या दोन पायऱ्यांत सुमारे पंधरा वर्षांचे अंतर होते. आज फोन आणि जाळे घरोघरी आधीच पोहोचले असल्याने हे अंतर कमी असेल, असे मानणेच शहाणपणाचे.

मधला हा काळच धोरणकर्त्यांच्या हाती असतो. त्याची झळ नोकरीत असलेल्यांपेक्षा स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तरुणपण घालवणाऱ्यांना अधिक बसते. नोकरीवाल्यांमागे संघटना उभी असते. ज्यांची भरतीच झाली नाही, त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. म्हणून कोणत्या खात्यात कोणती पदे न भरता रद्द होत आहेत, याचा लेखाजोखा सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. मोहिमेच्या कोटींचा हिशेब त्यानंतर मांडला तरी चालेल.