न दिसणाऱ्या धुराचा हिशेब



आपल्याला वही नवी नाही. परदेशातली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी आंबेठाणच्या कोरडवाहू रानात पिकागणिक खर्च मांडला, तेव्हा शेती तोट्यात का जाते ते कागदावर दिसलं. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनामागे तो हिशेब होता. आता वहीत आणखी एक रकाना पाडा : रानातून हवेत काय जातं, त्याचा.

हा विषय काढला की बैठकीत बोट ट्रॅक्टरच्या धुराकडं जातं. चला, मांडून बघू. समजा, कपाशीच्या एकराला दहा लिटर डिझेल आणि युरियाच्या दोन गोण्या लागल्या. लिटरभर डिझेल जळलं की २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. दहा लिटरचा २७ किलो. आता गोण्या. ४५ किलोची एक, तिच्यात नत्र ४६ टक्के. दोन्हींत मिळून ४१ किलो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाचा ठोकताळा असा की कोरड्या हवेत घातलेल्या नत्राचा अर्धा टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. त्याचा बोजा झाला ८९ किलो. शिवाय युरियातून थेट निघणारा कार्बन डायऑक्साइड ६६ किलो. बेरीज १५५. म्हणजे डोळ्यांत जाणाऱ्या धुराच्या पाचपटीहून जास्त बोजा न दिसणाऱ्या वायूचा! कारखान्यात युरिया बनवताना जळलेला गॅस तर यात धरलेलाच नाही.

मी शेतकी पदवीधर. खताच्या शिफारशी तोंडपाठ केल्या. पण घातलेल्यातलं पिकाच्या तोंडी किती लागलं, हे ना मला कुणी विचारलं, ना मी कुणाला. मी राहतो मुरगूडला, वेदगंगेच्या काठी. इकडं ओल जास्त, म्हणून ठोकताळाही अर्ध्या टक्क्यावर थांबत नाही. तेव्हा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे, अंदाज आहे. पण गळती कुठं आहे ते तो दाखवतो.

आणि हवेत जातं ते आपल्या पैशाचं खत. काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतले जिवाणू नत्राचा वायू करतात; वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होतो. म्हणून ओल बघून, हप्त्याहप्त्यानं, ओळीशेजारी मातीआड खत द्यावं. ज्वारीत तूर, कपाशीत मूग-उडीद घ्यावा. पऱ्हाटी पेटवू नये, कुट्टी करून कुजवावी.

दुसरा धडा : बोजा एकराला नव्हे, क्विंटलला भागा. आठ क्विंटल कापूस झाला तर क्विंटलमागं १९ किलो. पावसानं दगा देऊन चारच झाला तर ३९. खर्चाचंही तेच गणित. वायूची वही आणि तोट्याची वही शेवटी एकच.

ही वही आपल्या हातात का हवी? केंद्र सरकारनं २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना काढली. कार्बनचे करार घेऊन माणसं गावात येऊ लागली आहेत. कापसाचा काटा व्यापाऱ्याच्या हातात दिल्यावर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. माप त्यांचं, भाव त्यांचा आणि सही फक्त आपली, असं पुन्हा होता कामा नये. वही नसेल तर सही नाही.

गोण्या, डिझेल, विजेचे युनिट, जनावरं आणि उतारा एवढंच लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला वही घेऊन या. शेजाऱ्याच्या वहीशेजारी ठेवा. खरं शिक्षण तिथंच सुरू होईल.