नाताळची बिअर म्हणे कंपनीने शोधली!

१/ डिसेंबर उजाडला की आपल्याकडील समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. घरात मेणबत्त्या लावून कुटुंबापुरता शांत नाताळ करायचा आणि जेवणासोबत खास त्या हंगामाची बिअर घ्यायची, ही उत्तर युरोपातील चाल म्हणजे बिअरच्या कंपन्यांनी जाहिरातीतून जन्माला घातलेली ‘परंपरा’ आहे, असे त्यात ठासून सांगितलेले असते. खाली टाळ्या पडतात. हे प्रतिपादन चुकीचे आहे, आणि त्या चुकीने एका मोठ्या वर्गाचे श्रेय हिरावले जाते. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ त्या मजकुरात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करतो. १९८० साली डेन्मार्कमध्ये टुबोर्गची एक चलच्चित्र जाहिरात आली. आकाशातून जाणारा सांताक्लॉज टुबोर्गची गाडी पाहतो आणि आपली घसरगाडी वळवून तिच्या मागे लागतो. गोष्ट एवढीच. ती लोकांना इतकी आवडली की पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, कंपनीने त्या नावाची बिअर बाजारात आणली. आता नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी तिचे वार्षिक आगमन होते आणि गुत्त्यांतून गर्दी उसळते. हा सोहळा कंपनीचाच आहे, यात वाद नाही.

३/ पण एका कंपनीने एक बाटली १९८१ मध्ये विकायला काढली, यावरून नाताळच्या बिअरचा जन्म १९८१ चा ठरत नाही. शेजारच्या स्वीडनमध्ये ‘युलमुस्त’ नावाचे गोड, काळसर, बिनमद्याचे पेय नाताळच्या जेवणात असते. १९१० साली एरेब्रू येथील रॉबर्ट्स पितापुत्रांनी ते आणले, तेच मुळी बिअरला पर्याय म्हणून. मद्यविरोधी चळवळ तेव्हा जोरात होती. नाताळच्या ताटाशेजारी बिअरचा पेला आधीपासून नसता, तर त्याच्या जागी ठेवायला दुसरे पेय कशाला शोधावे लागले असते?

४/ आणि नॉर्वे! तेथे १९७५ पासून मद्याच्या जाहिरातींना कायद्याने बंदी आहे. तरीही दर हिवाळ्यात लहानमोठे कारखाने नाताळची बिअर काढतात आणि ती घरोघरी जाते. जाहिरातच जर या चालीची जननी असेल, तर जननीवाचून हे अपत्य पन्नास वर्षे कसे वाढले, याचे उत्तर त्या मजकुराच्या लेखकांनी द्यावे.

५/ आता नॉर्वेतच थांबू, कारण तेथील पुरावा सर्वांत भक्कम आहे. पश्चिम नॉर्वेचा ‘गुलातिंग’ कायदा तेराव्या शतकाच्या मध्यातील हस्तलिखितात जवळजवळ संपूर्ण उपलब्ध आहे. त्यातील मजकूर त्याहूनही जुना. त्यात बिअर गाळणे ही मुभा नाही. ते कर्तव्य आहे. सर्व संतांच्या दिवसापूर्वी किमान तीन शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बिअर करावी. एखादा दूर बेटावर किंवा डोंगरात राहत असेल आणि इतरांपर्यंत पोहोचणे अशक्य असेल, तर त्याने एकट्याने तिघांइतकी करावी. पळवाट नाही!

६/ त्यानंतर दुसरी बिअर नाताळची. नाताळच्या रात्री ती ख्रिस्त आणि मरियेच्या नावाने, चांगले वर्ष आणि शांतता लाभावी म्हणून, आशीर्वादित करायची. जो करणार नाही त्याला दंड, आणि तो बिशपकडे भरायचा. सलग तीन हिवाळे जो हे टाळील त्याची सर्व मालमत्ता जप्त, अर्धी राजाला, अर्धी बिशपला. पापाची कबुली देऊन प्रायश्चित्त घेतले तर त्याला देशात राहता येईल. नाहीतर राज्य सोडून चालते व्हावे. बिअर न केल्याबद्दल हद्दपारी! आजच्या कोणत्या विक्री-विभागाला एवढी सक्ती स्वप्नात तरी सुचेल?

७/ येथे मजकुराच्या दुसऱ्या आवृत्तीचे लोक पुढे सरसावतात. त्यांचे म्हणणे असे की हा सगळा मूळचा व्हायकिंगांचा रानटी धुमाकूळ, चर्चने तो चोरला. त्यांचा आधार असतो तो स्नोरी स्टुर्लुसॉनच्या ‘हाइम्सक्रिंग्ला’चा. इंग्लंडच्या दरबारात वाढलेला ख्रिस्ती राजा हाकॉन याने दहाव्या शतकात ‘योल’ हा मूळचा हिवाळी सण नाताळच्या दिवसांवर आणला, प्रत्येकाने ठरावीक मापाची बिअर करावी, न केल्यास दंड द्यावा आणि बिअर पुरेल तोवर सण पाळावा असा नियम केला, असे स्नोरी सांगतो. पण स्नोरी लिहितो तेराव्या शतकात, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतर, आणि आइसलँडमध्ये बसून. एवढ्या आधारावर ‘चोरी’चा खटला उभा राहत नाही. जुना सण आणि नवा धर्म एकाच घरात राहू लागले, इतकेच म्हणता येते.

८/ शिंगाचा पेला उंचावून आरोळ्या ठोकणारा दाढीवाला पुरुष, या चित्राने आणखी एक गोष्ट झाकली जाते. गुलातिंगच्या नाताळ-बिअरसाठी माल्टचे माप घरधन्यासाठी आणि घरधनिणीसाठी समसमान सांगितले आहे. कायद्याला ती दिसत होती. आपल्याला दिसत नाही.

९/ कारण हे काम होते घरचे, आणि घरचे काम बहुतेक ठिकाणी बाईचे. (पश्चिम नॉर्वेच्या काही भागांत पुढे ते पुरुषांकडे गेले, हे सांगणे भाग आहे.) काम म्हणजे काय, हे ‘पार्टी’ शब्दावर थांबणाऱ्यांना ठाऊक नसते. शरद ऋतूत कापलेले जव झोडपायचे. पोती पाण्यात काही दिवस भिजवायची. दाणे पसरून मोड आणायचे. ते जास्त वाढले तर दाणा वाया, कमी वाढले तर गोडवा नाही. मग विस्तवाच्या उष्णतेवर वाळवून दळायचे. एवढे झाले की कोठे माल्ट तयार होतो, बिअर अजून दूरच.

१०/ मोठ्या कढईत ज्युनिपरच्या फांद्या पाण्यात उकळायच्या, त्या सुगंधी पाण्यात माल्ट भिजवून गोड अर्क उतरवायचा, तळाशी त्याच फांद्या गाळणी म्हणून अंथरायच्या. तापमापक नाही, पाणी किती ऊन हे बोट बुडवून कळायचे. लाकडे, पाणी, जागरण यांचा हिशेब कोणत्याही दरबारी वहीत नाही.

११/ आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे यीस्ट, तिकडच्या बोलीत ‘क्वाइक’. आपल्या वाचकांना एका शब्दात कळेल: विरजण. दर खेपेचे थोडे राखून ठेवायचे. त्यासाठी लाकडाचा भोके पाडलेला ओंडका किंवा लाकडी तुकड्यांचे ओवलेले कडे आंबणाऱ्या पिंपात बुडवून काढायचे आणि वाळवून टांगायचे. पुढच्या खेपेला तेच कडे ताज्या अर्कात सोडले की विरजण जागे. बिघडले तर शेजारणीकडून आणायचे. काही गावांत ते अर्कात घालताना मोठ्याने ओरडायची चाल होती, का ते विचारू नका.

१२/ हे सारे २१ डिसेंबरपर्यंत उरकायचे. तो संत टॉमसचा दिवस. नॉर्वेत त्याला ‘बिअर करणारा टॉमस’ असेच म्हणत, आणि लाकडी पट्टीवर कोरलेल्या जुन्या दिनदर्शिकांत त्या दिवसाला पिंपाची खूण सापडते. त्या दिवशी शेजारी एकमेकांची बिअर चाखायला जात. कोणाची पातळ, कोणाची आंबट, हे गावभर होई. घरधनिणीची वर्षभराची अब्रू त्या एका घोटात.

१३/ मग नाताळची रात्र. रंगवलेल्या लाकडी वाडग्यातून बिअर फिरे. असे वाडगे नॉर्वेच्या संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. अनेक भागांत जमिनीवर गवत अंथरून मालक, मालकीण, मुले, गडीमाणसे सारी एकत्र झोपत. पलंग रिकामे ठेवायचे, कारण त्या रात्री घराचे मृत पूर्वज परत येतात अशी समजूत होती. त्यांच्यासाठी जेवणही आवरायचे नाही. दुसरा दिवस घरातच, शांतपणे. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणे-येणे २६ तारखेपासून.

१४/ तेव्हा ‘शांत घरगुती नाताळ’ हाही केवळ मध्यमवर्गाचा अलीकडचा शोध नाही. सजवलेले झाड एकोणिसाव्या शतकातले, ते मान्य. पण दार लावून आपल्या माणसांत बसायची ती रात्र त्याहून जुनी आहे. फरक आहे तो ‘आपली माणसे’ या शब्दांच्या व्याप्तीत. तेव्हा त्यात गडीमाणसेही होती आणि मेलेलेही.

१५/ मग हे काम बाईच्या हातून गेले कसे? इंग्लंडबाबत इतिहासकार जुडिथ बेनेट यांनी ‘एल, बिअर अँड ब्रूस्टर्स इन इंग्लंड’ या १९९६ च्या ग्रंथात ते उलगडले आहे. १३०० च्या सुमारास तेथील बिअर प्रामुख्याने बायका करीत व विकत. १६०० पर्यंत धंदा बहुतांशी पुरुषांचा झाला. हॉप्स आले, बिअर टिकू लागली, दूर पाठवता येऊ लागली. त्याबरोबर मोठी भांडी, मोठे भांडवल आणि संघटना लागल्या, आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे कर्ज नाही, करार नाही. कौशल्य कमी पडले म्हणून त्या बाजूला पडल्या नाहीत.

१६/ विज्ञानाने पुढचा टप्पा गाठला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले. थोर कामगिरी, शंका नाही. पण त्यानंतर घरगुती विरजण हे अडाण्यांचे, अशुद्ध, असे समजण्याची रीत पडली. आणि २०१८ मध्ये ‘फ्रंटियर्स इन मायक्रोबायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काय आढळले? नॉर्वेच्या शेतघरांतले क्वाइक म्हणजे माणसाळवलेल्या यीस्टचा एक वेगळा गट, जास्त उष्णतेत झपाट्याने आंबवणारा. हे माणसाळवणे प्रयोगशाळेत झालेले नव्हते.

१७/ दारूने घरे उद्ध्वस्त होतात हे मला ठाऊक आहे, आणि या धाग्याचा उपयोग कोणी पेला भरण्याचे निमित्त म्हणून करू नये. वाद पिण्याचा नाही, निर्मितीचा आहे. ‘हे सारे कंपनीने शोधले’ असे म्हणणारा स्वतःला कंपनीचा टीकाकार समजतो; प्रत्यक्षात तो शेकडो वर्षांच्या घरगुती ज्ञानाचा सातबारा कंपनीच्या नावे करून देतो. याहून स्वस्त जाहिरात कंपनीला कोठे मिळणार?

१८/ आज व्हॉस आणि होर्निन्दाल या गावांचे क्वाइक पाकिटांतून जगभर विकले जाते. पाकिटावर गावाचे नाव असते. ट्रोंडहाइमजवळच्या स्ट्योर्डाल भागात मात्र लोक अजूनही आपापल्या छोट्या माल्टघरांत आल्डरच्या लाकडाच्या धुरावर जव वाळवतात, घरच्या नाताळपुरते. त्या बिअरला लेबल नसते. पुढच्या वेळी तो मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तिच्याबद्दल वाचा.