पार्टनर म्हणता, मग म्हातारपणाचा वाटा कुठाय?

डिलिव्हरीवाल्या, ॲप-टॅक्सीवाल्या बंधू-भगिनींनो,

आठवड्याचा हिशेब मोबाइलवर येतो, तो आज जरा नीट उघडा. फेऱ्या इतक्या, इन्सेन्टिव्ह इतका, कमिशन वजा, दंड वजा. बोटाने सरकवत तळापर्यंत जा. 'पीएफ' ही ओळ सापडणार नाही. आपण नोकर नाही ना, 'पार्टनर' आहोत! पेट्रोल आपलं, गाडीचा हप्ता आपला, पंक्चर आपलं आणि साठीनंतरचे गुडघेही आपलेच. मग भागीदारी नेमकी कशात?

"तुम्ही लोक बचतच करत नाही," असं आपल्याला ऐकवतात. ऐकवणाऱ्याचा पीएफ पगार हातात पडण्याआधीच कापलेला असतो. तो 12 टक्के भरतो तेव्हा मालकालाही तेवढेच भरावे लागतात. त्याला शिस्त लावली कायद्याने; आपण ती पोटाला चिमटा काढून लावायची.

सोयी अगदीच नाहीत असं नाही. अटल पेन्शन योजना 2015 पासून आहे. साठीनंतर महिना 5,000 हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना 210 रुपये, चाळिसाव्या वर्षी करणाऱ्याला 1,454. पण अठरा वर्षांच्या पोराला ते पाच हजार मिळणार 42 वर्षांनी. महागाई वर्षाला पाच टक्के धरा. त्यांची आजची किंमत साडेसहाशेसुद्धा भरत नाही. रोज अर्धा लिटर दूध घेणाऱ्या घराचं महिन्याचं बिलही त्यात भागायचं नाही. चाळिशी ओलांडली, तर दारच बंद. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, सर्वांना खुली आहे म्हणे. खुली आहेच, पण नव्या करपद्धतीत नोकरदाराच्या खात्यात मालकाने भरलेल्या रकमेवर सूट आहे, स्वतःच्या कमाईतून भरणाऱ्याला नाही. ज्याला मालक नाही, त्याला सवलतही नाही!

"एक मालक नाही, मग पीएफ भरणार कोण?" हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बाजारातला हमाल सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण? हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा झाला आणि उत्तर मिळालं: जो माल उचलून घेईल, त्याने मजुरीवर लेव्ही माथाडी मंडळात भरायची. त्यातून हमालाला पीएफ आला, ग्रॅच्युइटी आली. तेव्हा हिशेब वहीत लिहायचे. आज प्रत्येक ऑर्डर सेकंदासकट नोंदली जाते, आणि तरी म्हणे हिशेब अवघड!

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत द्यायचे असं लिहिलंय. पण ते सामायिक निधीत. म्हातारपणाची सोय तिथे यादीतला एक शब्द आहे. तुमच्या-माझ्या नावावर अमुक रुपये पडतील, अशी हमी नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक फेरीमागे कंपनीची लेव्ही, आमच्या कमाईला हात न लावता, ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात. ॲप बदललं तरी खातं तेच. आणि दर आठवड्याच्या हिशेबात ती ओळ डोळ्यांना दिसली पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. चाळिशीच्या आत असाल आणि आयकर भरत नसाल, तर याच महिन्यात बँकेत जाऊन अटल पेन्शनचा फॉर्म भरा. थोडी का होईना, सोय होईल. आणि हे पत्रक वाचून झालं की स्टँडवरच्या दुसऱ्या गाडीच्या हँडलला अडकवा.