भडका अचानक उडत नसतो!



संप पेटला, मोर्चा निघाला, गोळी चालली की दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची मंडळी कपाळाला हात लावतात. "अचानक झालं हो! लोक चांगले शांत होते. कुणीतरी चिथावलं!" हे बोलणं आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. आज आम्ही त्याला चोख जबाब देणार आहोत. अचानक काही होत नसतं. आग लावणारा ओरडत येत नाही. तो फायलीवर "पुढे पाहू" असं लिहून गुपचूप जेवायला जातो!

कुणाही साचेवाल्याला विचारा. ताण्याचा एक तार तुटला तर साचा थांबवून तो सांधायला कितीसा वेळ लागतो? पण तसाच चालू ठेवला, तर तो तार शेजारच्या तारांत गुंततो, त्यांनाही तोडतो, आणि हां हां म्हणता गजभर कापड डागी होतं. मग दंड कुणाला? जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत असा डागी माल साचेवाल्याच्याच गळ्यात मारत आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून कापत. साचा पळवण्याचा हुकूम एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला!

संयुक्त महाराष्ट्राचं नेमकं हेच झालं. हिशेब मांडून दाखवतो.

१९२० साली नागपूरला काँग्रेसने भाषावार रचना मान्य केली आणि आपल्या प्रांतिक कमिट्या त्याप्रमाणे केल्या. म्हणजे मागणी रास्त आहे, हे त्यांनीच कबूल केलं होतं. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठराव करणारे लेखक, पंडित, शांत माणसं. कुणाच्या हातात दगड नव्हता. तेव्हाच तार सांधायला काय हरकत होती? पण १९४८ साली दार कमिशन बसलं. ते म्हणालं, भाषावार प्रांत नकोत. १९४९ साली जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि यांची कमिटी म्हणाली, तूर्त थांबा. आणि मुंबई तर महाराष्ट्राला नकोच.

थांबलो! तिकडे आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलू उपोषणाला बसले आणि १५ डिसेंबर १९५२ ला त्यांनी प्राण सोडला. मग आंध्र पेटला आणि १ ऑक्टोबर १९५३ ला राज्य झालं! गिरणगावात आमच्या साच्याला साचा लावून काम करणाऱ्या तेलुगू पद्मशाली विणकरांच्या भाषेच्या राज्याची ही गोष्ट. यातून देशाला धडा कोणता मिळाला? अर्ज केला तर कमिशन मिळतं, आणि माणूस मेला तर राज्य मिळतं. हा धडा आम्ही शिकवला नाही, सरकारने शिकवला.

पुढे राज्य पुनर्रचना आयोग आला. १९५५ च्या त्याच्या अहवालात विदर्भ वेगळा, आणि बाकीच्या मराठी मुलखाला गुजरातशी बांधून द्वैभाषिक. नंतर बेत निघाला की मुंबईच अलग काढावी. ज्या शहरात मराठी माणसाने हमाली केली, बॉयलर पेटवले, कापूस छातीत भरून घेतला, त्या शहरावर त्याचा हक्क नाही? २१ नोव्हेंबर १९५५ ला संप झाला, कामगारांचे लोंढे कौन्सिल हॉलकडे निघाले आणि फ्लोरा फाउंटनला गोळी चालली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली. पुन्हा रस्ते पेटले, पुन्हा गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तरी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक लादलंच. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने मतपेटीतून उत्तर दिलं, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला.

१९२० ते १९६०. चाळीस वर्षं! जे शेवटी द्यावंच लागलं, ते आधी दिलं असतं तर १०६ हुतात्म्यांच्या घरचे दिवे विझले नसते. मग सांगा, अराजक कुणी माजवलं? मोर्चेवाल्याने, की चाळीस वर्षं टोलवाटोलवी करणाऱ्याने?

काही शहाणे म्हणतील, "कामगाराला भाकरीशी मतलब, भाषेच्या भानगडीत कशाला?" अरे बाबांनो, भाषा हे फक्त पुस्तकवाल्यांचं लेणं नाही. कामावरून काढल्याची नोटीस ज्या भाषेत येते, कोर्ट ज्या भाषेत निकाल देतं, ती भाषा कळली नाही की भाकरीच जाते! आणि आमचं भांडण गुजराती, तेलुगू, कन्नड कामगाराशी कधीच नव्हतं. पगाराच्या रांगेत आम्ही सारे सारखेच.

दुसराही हिशेब ध्यानात ठेवा. भडका उडाला म्हणजे गरिबाचा विजय ठरलेलाच, असं नाही. १९४६ च्या कायद्याने गिरणीधंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन ठेवली. कामगाराला ती नको असेल तर गुप्त मतदानाची सोय नाही. बदलीवाले वर्षानुवर्षं गेटावर ताटकळले. छत्तीस वर्षं ही वाफ कोंडली, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. पण हजारोंच्या चुली थंडावल्या आणि गिरण्यांच्या जागेवर टॉवर उठले. टाळाटाळ त्यांची, उपासमार आमची!

म्हणून आम्ही भडक्याची वाट पाहत नाही. वाट पाहायला लावणाऱ्यांना आजच जाब विचारतो. ज्या बेळगावात १९४६ चा ठराव झाला, ते बेळगावच १९६० साली महाराष्ट्राबाहेर राहिलं. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला. तिथेही वर्षांमागून वर्षं गेली. पुन्हा तेच: कमिशन, तारीख, पुढे पाहू!

आमची मागणी साधी आहे. दावा रोज चालवून निकाली काढा. तोवर सीमाभागातल्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत द्या. घटनेच्या ३५०-अ कलमात म्हटल्याप्रमाणे त्याच्या पोरांना प्राथमिक शिक्षण आईच्या भाषेत द्या. यात दगड कुठे आहे? चिथावणी कुठे आहे? ही तुटलेला तार सांधण्याची गोष्ट आहे.

उद्या कुणी म्हणालं, "अचानक झालं," तर हे पत्रक त्याच्या हातात ठेवा आणि म्हणा, आम्ही वेळेवर सांगितलं होतं!

हुतात्म्यांना लाल सलाम!
सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!